थंडी सरत आली की भिंती तपासा: मुंबईच्या फ्लॅटमधली लपलेली गळती शोधायची कशी

मुंबईत पहिल्यांदाच स्वतःचं घर घेतलेल्या माणसाला गळती म्हटलं की जुलै आठवतो. पण जुलैत फार तर बादली लावता येते. सगळंच ओलं असतं, त्यामुळे पाणी गच्चीतून येतंय, वरच्यांच्या बाथरूममधून की आपल्याच भिंतीतल्या पाइपातून, हे कुणालाच सांगता येत नाही. प्लंबर "वरून येतंय" म्हणतो, वरचे "पावसाचं आहे" म्हणतात आणि सोसायटी "बघू, पाऊस थांबू दे" म्हणते. मग पाऊस थांबतो, दिवाळीआधी रंगारी येतो, डागावर पुट्टी फिरते आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो.

शोध घ्यायचा तो फेब्रुवारीत. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर ऑक्टोबरची तलखी, मग थंडीतली कोरडी हवा. चार महिने आकाशातून थेंब नाही, तरीही भिंत ओली असेल तर पावसाच्या नावावर खपवायला फारशी जागा उरत नाही. शिवाय मार्च ते मे हे दुरुस्तीचे महिने हातात राहतात. आमच्या मुलुंडच्या घरात हे सगळं करून झालं आहे, त्यातून जे हाताला लागलं ते क्रमाने सांगतो.

काय काय जवळ ठेवायचं

- चांगला टॉर्च (मोबाइलचाही चालेल)
- पेन्सिल आणि मोजपट्टी
- स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणि रुंद चिकटपट्टी
- खाण्याचे रंग, दोन वेगळे: निळा आणि लाल
- स्क्रू-ड्रायव्हर (त्याची मूठ ठोकायला)
- घराच्या करारनाम्याला जोडलेला फ्लॅटचा नकाशा
- ओलावा मोजणारा पिनवाला मीटर, हौस असेल तर. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे

१. आधी कॅलेंडर, मग भिंत

घरच्यांना विचारून एक छोटी यादी करा: डाग पहिल्यांदा कधी दिसला, कधी वाढला, कधी सुकला. अर्धं निदान इथेच होतं.

पावसात वाढून डिसेंबरपर्यंत सुकणारा डाग बाहेरच्या भिंतीचा, खिडकीचा किंवा गच्चीचा असतो. बारा महिने सारखाच राहणारा, किंवा घरी पाहुणे आले की वाढणारा डाग नळाच्या नाहीतर सांडपाण्याच्या पाइपाचा. फक्त एप्रिल-मेमध्ये उगवणारा डाग बहुतेक वेळा एसीच्या पाण्याच्या नळीचा निघतो. नळी तुंबते, नाहीतर भिंतीच्या आत तिचा उतार चुकलेला असतो.

यात एक फसवी जागा आहे. जुन्या इमारतींच्या गच्चीवर आणि बाथरूमच्या फरशीखाली ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर. तो पावसाचं पाणी पिऊन बसतो आणि सावकाश सोडतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर जानेवारीतही छताला ओल दिसू शकते, आणि ती ओल पावसाचीच असू शकते. म्हणून नुसतं "ओल आहे का" एवढं बघून थांबू नका, ती कमी होतेय की तशीच आहे ते बघा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मध्येच अवकाळी सर येऊन गेली तर तीही तारीख टिपून ठेवा. भिंतीवर रेघोट्या मारल्या म्हणून घरात बोलणी बसतील, बसू द्या.

२. पाणी कुठून कुठे जातं ते कागदावर काढा

करारनाम्यातला नकाशा घ्या आणि त्यावर नहाणी, संडास, स्वयंपाकघराचं सिंक, वॉशिंग मशीन, एसी आणि डक्ट (इमारतीचे पाइप वर-खाली जातात ती उभी पोकळी) यांवर खुणा करा. मग बघा, यांच्या पाठीला कोणत्या खोलीची कोणती भिंत येते. बेडरूममधलं कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तर तपासणी तिथूनच सुरू करायची. बिल्डर लोकांना कपाटाची जागा नेमकी तिथेच कशी सुचते कोण जाणे.

वरच्या फ्लॅटचा नकाशा तुमच्यासारखाच आहे असं धरून चालू नका. अनेकांनी बाल्कनी आत घेतलेली असते, काहींनी स्वयंपाकघर हलवून तिथे बेडरूम केलेली असते. तुमच्या हॉलच्या छतावर पाणी येतंय आणि वर हॉलच असायला हवा, असं वाटत असेल तर एकदा वर जाऊन चहा पिऊन या.

३. नाक, डोळे, बोटं

दोन दिवस बाहेरगावी जाऊन आलात की दार उघडल्या उघडल्या येणारा वास लक्षात घ्या. पाच मिनिटांत नाक सरावतं आणि मग काही कळत नाही. कुबट वास कपाटातून येतोय, सिंकखालच्या ट्रॉलीतून की माळ्यावरून, ते एकेक दार उघडून हुंगा.

मग टॉर्च. भिंतीवर समोरून प्रकाश मारलात तर ती सपाटच दिसते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. रंगाखालचे फुगे, पुट्टीच्या लाटा, पूर्वी कुणीतरी केलेलं ठिगळ, सगळं सावलीसह उठून दिसतं. रात्री दिवे बंद करून केलंत तर आणखी बरं.

खुणा कशा वाचायच्या:

*पांढरा लोणा.* भिंतीवर किंवा स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याला लावलेल्या पट्टीच्या) सांध्यांत कापसासारखे मऊ पांढरे तंतू किंवा पीठ दिसतं. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आमच्याकडे बेडरूमच्या कोपऱ्यात, स्कर्टिंगच्या वर दोन बोटं उंचीवर असा पट्टा होता. फडक्याने पुसला की भिंत स्वच्छ, हाताला कोरडी. आठवडाभरात पुन्हा तिथेच, तसाच. हात कोरडा लागतो म्हणून अशी भिंत बिनधास्त समजू नका. पुसल्यावर लोणा परत येतोय याचा अर्थ आतून पाण्याची ये-जा चालू आहे.

*पिवळट-तपकिरी वलयं.* छतावर किंवा पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर दिसतात. एकच वलय असेल तर एखाद्या वेळी पाणी सांडलेलं असू शकतं. वलयात वलय असेल तर पाणी पुन्हा पुन्हा येऊन सुकतंय.

*काळी-हिरवी बुरशी.* एकटी बुरशी बघून गळतीचा निष्कर्ष काढू नका. कपाटामागे हवा खेळत नाही, शेजारची खोली एसीने गार होते, तिथेही बुरशी येते.

*फुगलेलं प्लायवूड आणि वाळवी.* दाराची चौकट खालून फुगली, कपाटाचा तळ सुटला, मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर चढल्या, की ओल जवळपासच आहे. वाळवीला ओलावा लागतो. नुसतं पेस्ट कंट्रोल करून भागत नाही.

*बद्द आवाज.* स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बाथरूमच्या टाइल्स आणि बाहेरून त्याच भिंतीचा गिलावा हलकेच ठोकत चला. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ टाइल म्हणजे गळती असं नव्हे, पण मागे पाणी साठायला जागा झाली आहे एवढं नक्की.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच आणि घरभर साधारण एकाच उंचीवर ओल असेल, तर पाइप शोधत बसू नका. जमिनीतलं पाणी भिंत वर ओढून घेते आहे. त्याचा इलाज निराळा आणि खर्चीकही.

४. फॉइलची चाचणी

ओल भिंतीच्या आतून येतेय की खोलीतल्या दमट हवेमुळे वरच्यावर धरतेय, हे ओळखायला ही चाचणी फुकटात होते. संशयित जागेवर साधारण फूटभर फॉइल लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने नीट बंद करा, हवा आत जाता कामा नये. एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी आतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतला दमटपणा. अशा वेळी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा, एवढ्यावर काम भागतं. रंगाचे पोपडे निघत असतील तर आधी खरवडून घ्या, नाहीतर पट्टीच टिकत नाही.

पिनवाला मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पण त्याच्या आकड्यावर भांडायला जाऊ नका. लोणा असलेल्या भिंतीवर तो कोरडेपणातही जास्त आकडा दाखवतो. घरातल्या चांगल्या कोरड्या भिंतीवर आधी मोजा, मग संशयित भिंतीवर, वर-खाली, डावी-उजवीकडे. आकडे कुठल्या दिशेला वाढत जातात ते बघायचं. पाणी त्या दिशेकडून येतंय.

५. बाथरूम: खरा संशयित

मुंबईतल्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा फूटभर खाली सोडलेला असतो. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप फिरवतात, वर भर घालून फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलं किंवा नहाणी ट्रॅपच्या (पाणी जाण्याच्या भोकाच्या) कडेने फट पडली की रोजच्या आंघोळीचं पाणी थोडं थोडं या भरावात उतरतं. तिथे ते साचतं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. म्हणूनच खालच्यांच्या छतावर डाग जिथे दिसतो, गळती बरोबर त्याच्या डोक्यावर असेलच असं नाही. कित्येकदा ती चार-पाच फूट लांब असते.

चाचण्या या क्रमाने करा, सगळ्या एकाच दिवशी नकोत.

*आधी नळाचं पाणी.* त्या बाथरूमचा मुख्य कॉक बंद करा आणि तीन-चार दिवस बाथरूम वापरू नका. एकच बाथरूम असेल तर सुट्टीत गावी जाल तेव्हा करा. डाग सुकायला लागला की कॉक उघडा, पण वापर बंदच ठेवा. पुन्हा ओल आली तर भिंतीतला कन्सील्ड पाइप. नाही आली तर सांडपाण्याची बाजू. तुमच्या सोसायटीत पाणी ठरावीक वेळेलाच सोडत असतील तर आणखी सोपं: थेंब पडण्याची वेळ आणि पाणी येण्याची वेळ जुळते का बघा.

*मग फ्लश.* टाकीत निळ्या रंगाचे थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी दिसलं तर टाकीचा वॉशर गेला आहे. याने भिंत ओली होत नसली तरी पाणी वाया जातं, लगे हाथ कळून जातं.

*शेवटी नहाणी.* ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, उंबरठ्यापेक्षा कमी उंचीपर्यंत पाणी भरा, त्यात लाल रंग मिसळा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. पातळीची खूण भिंतीवर करून ठेवा. थोडं पाणी वाफ होऊन जाईल, पण इंचभर उतरलं तर उत्तर मिळालं. खाली लाल रंग उतरला तर प्रश्नच मिटला. मात्र भरावातून गाळून येताना रंग कधी कधी अडकतो, किंवा यायला कित्येक दिवस लागतात. रंग आला नाही म्हणून वरचे निर्दोष असं समजू नका.

ही चाचणी वरच्यांच्या घरात करायची असेल तर खरी परीक्षा तोंडाची असते. आमच्या वर एक काकू राहतात. "काकू, तुमच्या नहाणीत एक दिवस रंगाचं पाणी भरून ठेवू का?" म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणि माझ्या पांढऱ्या टाइल्स रंगल्या तर?" खाण्याचा रंग आहे, निघून जातो, हे त्यांच्यासमोर बेसिनमध्ये दाखवलं तेव्हा तयार झाल्या. जाताना सोसायटीचा सेक्रेटरी आणि नोटीस घेऊन जाऊ नका. मोबाइलमध्ये तारखेचे फोटो घेऊन जा, त्यांना खाली बोलावून डाग दाखवा. फुगलेला स्लॅब प्रत्यक्ष पाहिला की बहुतेक माणसं नरम पडतात. नाहीच पडली तर खाली मुद्दा ८ आहेच.

६. बाहेरची भिंत, खिडक्या, गच्ची

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळे मुंबईत पावसाचा मारा दक्षिण आणि पश्चिमेकडच्या भिंतींवर जास्त बसतो. त्या बाजूच्या खिडक्यांपासून सुरुवात करा. खिडकीच्या खालच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे ना? बादलीभर पाणी ओतून बघा. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीतली बारीक भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात, ती धुळीने किंवा रंगाने बुजली की पाणी आत येतं. टाचणीने साफ करण्याचं काम, पण त्यासाठी लोक खिडकी बदलतात.

छज्जावर आणि पाइपांच्या सांध्यांत पिंपळाचं रोप दिसलं तर फोटो काढून सोसायटीला लेखी द्या. वरवर उपटून उपयोग नाही, मुळं भेगेत राहिली की पुन्हा फुटतं. डक्टमध्ये डोकावून जुने बिडाचे पाइप बघा. सांध्याखाली हिरवट-काळा ओघळ असेल तर तुमच्या बाथरूमच्या भिंतीची ओल बाहेरून येत असण्याची दाट शक्यता आहे. गच्ची शक्यतो सेक्रेटरींना बरोबर घेऊन बघा: पाणी जाण्याची तोंडं मोकळी आहेत का, कठड्याच्या पायथ्याशी भेगा आहेत का, पाण्याच्या टाकीखाली ओल आहे का.

७. इथे घरगुती उपाय थांबवा

छतावर किंवा बीमवर सरळ रेषेत गेलेल्या भेगा, त्यांतून तपकिरी डाग, पोकळ आवाज, किंवा पोपडा पडून उघडी सळई. ही लक्षणं दिसली की फॉइल-बिईल बाजूला ठेवा. लोखंड गंजलं की मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं आणि आजूबाजूचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. समुद्राजवळच्या इमारतींत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. अशा छताखाली पलंग ठेवू नका आणि वरून पीओपी मारून झाकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावा. तो रिबाउंड हॅमर वगैरे तपासण्या करून काँक्रीटची अवस्था सांगतो.

इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सोसायटीकडे अहवाल मागा. त्यात इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे ते बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी.

स्विच बोर्डाजवळ ओल असेल, बोर्डाला हात लावताना झिणझिण्या येत असतील किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी (त्या भागाची वीज तोडणारा स्विच) बंद करून आधी वायरमन. गळती नंतर शोधा.

८. खर्च कोणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीनुसार) गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. गच्ची गळून सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीने. फ्लॅटच्या आतली, म्हणजे संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याच्या फ्लॅटमधून होते त्याने स्वखर्चाने. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र एकदा वाचून घ्या.

नवी इमारत असेल तर रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या) कलम १४(३) खाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामातला दोष बिल्डरने तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पाचवं वर्ष संपत आलं असेल तर ही तपासणी या फेब्रुवारीतच करा.

लागणारे कागद:

- तारखेसह फोटो आणि पेन्सिलच्या खुणांची नोंद
- सोसायटीला दिलेलं पत्र, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही असलेली पोच. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे
- शेअर सर्टिफिकेटची प्रत
- ताबापत्र (बिल्डरशी पत्रव्यवहार असेल तर)
- जुन्या वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र, असेल तर
- प्लंबर किंवा इंजिनिअरचा लेखी अभिप्राय, दोन ओळींचा का होईना

वरचे सदस्य दार उघडेनात आणि कमिटी हात वर करू लागली तर पुढचा रस्ता उपनिबंधक कार्यालय आणि सहकार न्यायालयाचा. तो लांबचा आहे. तिथे ही पोच असलेली पत्रंच उपयोगी पडतात.

घर बघायला जात असाल तर

भाड्याने असो वा विकत, दिवसा उजेडी जा. घरात एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच भिंतीवर वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल असेल तर त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते विचारा. सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढा. एजंट घाई करेल, करू दे. खालच्या मजल्यावरच्यांना जाता जाता विचारा, "वरून पाणी येतं का हो?" दहा पानी जाहिरातीपेक्षा या प्रश्नाचं उत्तर खरं असतं. भाडेकरूंनी पहिल्याच दिवशी डागांचे फोटो काढून मालकाला ईमेल करून ठेवावेत, डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.

९. काम देताना

किमान दोन ठिकाणचे दर मागवा आणि कोटेशनमध्ये जागा लिहून घ्या: कोणतं बाथरूम, किती चौरस फूट, फरशी उखडून की वरच्यावर. फक्त सांध्यांत ग्राउट किंवा इपॉक्सी भरून भागत असेल तर आधी तेच करा. ते स्वस्त पडतं आणि बऱ्याच वेळा पुरतं. कन्सील्ड पाइप गंजलेला जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) निघाला तर तुकडा बदलून थांबू नका, तेवढी लाइन सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिकची) करून घ्या. एका जागी जोड दिला की पुढची कमकुवत जागा फुटते.

वॉटरप्रूफिंगचा थर सुकल्यावर, टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायला सांगा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. दुरुस्त झालेल्या भिंतीला लगेच रंग लावू नका. आतली ओल जायला काही आठवडे लागतात, फॉइल कोरडी निघाली की रंगाऱ्याला बोलवा. गच्चीचं काम असेल तर ते एप्रिलमध्ये सुरू व्हायला हवं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मजूर गावी गेलेले असतात.

आणि फरशी उखडलेली असताना, पाइप उघडे दिसत असताना, भिंतीच्या कोपऱ्यापासून मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. पुढे गिझर किंवा टॉवेल रॉड लावायला ड्रिल मारणारा येईल तेव्हा त्याला ते फोटो दाखवा.